वॉटर्लूला पर्यावरणाची डिग्री, डिचोलीच्या पोरीसाठी

तुझा मेसेज दोनदा वाचला. तू बारावी सायन्सला, घर गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, बाबांचा खाणीवर ट्रक होता तो विकावा लागला, आणि तुला कॅनडात युनिव्हर्सिटी ऑफ वॉटर्लूला पर्यावरणातली डिग्री करायचीय. एजंट म्हणतोय डोळे मिटून 'एन्व्हायर्नमेंट अँड बिझनेस' घे, जॉब लगेच, आणि तू विचारतेयस दादा खरं काय ते सांगा. मी पण खाणपट्ट्यातलाच, तुझ्या गावापासून कदंबा बसचे दोन स्टॉप, आणि मला पण एकाने अगदी हेच सांगितलेलं आणि मी तेच घेतलेलं. त्यामुळे जरा लांब लिहितोय, चहा घेऊन बस.

आपल्याकडे पर्यावरण म्हटलं की शाळेतला ईव्हीएसचा पेपर, झाडे लावा पाणी वाचवा, कोणीही पास. तिथे तसं एक काही नाहीये. तीन वेगळ्या फॅकल्टी हा शब्द वापरतात. सायन्स फॅकल्टीत एन्व्हायर्नमेंटल सायन्सची बीएस्सी, म्हणजे केमिस्ट्री, इकॉलॉजी, खडक-भूजल, लॅब. इंजिनिअरिंगमध्ये एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंग, ते वेगळंच प्रकरण, त्याची ॲडमिशन पण वेगळी आणि कठीण. आणि १९६९ पासूनची फॅकल्टी ऑफ एन्व्हायर्नमेंट, जिथली मुख्य डिग्री बीईएस, बॅचलर ऑफ एन्व्हायर्नमेंटल स्टडीज. एजंट या तिन्हींना 'एन्व्हायर्नमेंट' म्हणतो आणि मोकळा होतो.

बीईएसमध्ये परत ढीगभर फाटे आहेत. नावांवरून काही कळत नाही, मलाही कळलं नव्हतं, म्हणून आपल्या विहिरीचं उदाहरण घेतो. आमची विहीर माझ्या लहानपणी मे महिन्यातही वाकून कळशी भरता येईल एवढी असायची. मग खाण पाण्याच्या पातळीच्या खाली उतरली, खड्ड्यातलं पाणी रात्रंदिवस पंपाने उपसायला लागले आणि आमच्या विहिरीचा तळ दिसायला लागला, टँकर सुरू झाला. आता ह्याच विहिरीकडे प्रत्येक कोर्सवाला वेगळं बघतो. पाणी कुठल्या थरातून कुठे गेलं हे सायन्सवाला विचारेल. एन्व्हायर्नमेंट, रिसोर्सेस अँड सस्टेनेबिलिटीवाला विचारेल की पाणी कोणाचं, ग्रामसभेला कोणी विचारलं का, कायदा काय म्हणत होता, आणि बाबांच्या ट्रकचं काय, कारण २०१२ ला खाणी बंद झाल्या आणि २०१८ ला परत बंद झाल्या तेव्हा विहिरी आणि पोट दोन्ही एकाच घरात होती. हा कोर्स थोडा सगळ्यातलं सगळं आहे, काहींना आवडतो, काहींना चौथ्या वर्षी पण कळत नाही आपल्याला नेमकं येतं काय. जिओमॅटिक्सवाला सॅटेलाइटचे जुने-नवे फोटो लावून खड्डा कसा पसरला ते मोजेल. प्लॅनिंगवाला विचारेल ही जमीन कुठल्या झोनमध्ये कोणी टाकली. गोव्यात हे वेगळं शिकवायला नको, प्रादेशिक आराखडा, सेटलमेंट झोन, जमिनीचा झोन बदलायचं कलम सतरा-दोन, आपल्याकडे बारशाच्या जेवणाला पण हाच विषय असतो. आणि प्लॅनिंगची डिग्री तिकडच्या व्यावसायिक संस्थेची मान्यता असलेली आहे, म्हणजे पुढे रीतसर प्लॅनर होता येतं. एन्व्हायर्नमेंट अँड बिझनेसवाला कंपनीच्या बाजूने बसून तिचा खर्च, तिचा रिपोर्ट बघेल. वाईट नाही, कोणीतरी तिथेही बसायला पाहिजे. भूगोल आणि विमान चालवणं एकत्र असाही एक कोर्स आहे पण त्याच्या खर्चाचा विचारही करू नको.

मी बिझनेसवाल्यात एक वर्ष काढलं. अकाउंटिंगच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसायचो. मग एका फील्डच्या दिवशी, कॅम्पसमधूनच लॉरेल क्रीक नावाचा ओहोळ जातो त्याच्या काठावर, शिकवणाऱ्या बाईंनी ओली माती हातात दिली आणि अंगठ्याने दाबत दाबत तिची पट्टी काढायला लावली. पट्टी लांब आली तर चिकणमाती जास्त, लगेच तुटली तर वाळू. माझी बोटभर लांब आली आणि मला एकदम आमच्या शेतात खाणीचा गाळ बसायचा तो आठवला, तोच चिकटपणा. त्या सेमिस्टरनंतर जिओमॅटिक्सला बदलून घेतलं. चार महिने वाया गेले, पैसे गेले ते वेगळेच. (तिथली लायब्ररीवाली माणसं दर वसंतात कॅम्पसवरच्या गीज पक्ष्यांच्या घरट्यांचा नकाशा ठेवतात, कारण ते अंड्यांवर असले की माणसाच्या अंगावर येतात. आपल्याकडच्या कोंबडीचं समज, फक्त आकार डबल आणि राग चौपट.)

आत्ताच एक लक्षात ठेव, जिओमॅटिक्स मनात असेल तर मॅथ्स सोडू नको. आपल्याकडे बायोवाले पटकन मॅथ्स सोडतात आणि मग ते दार बंद.

वॉटर्लूचं खरं नाव को-ऑपमुळे. चार महिने शिका, चार महिने पगारी काम करा, असं आलटून पालटून, त्यामुळे डिग्रीला चारपेक्षा जास्त वर्षं लागतात. पण काम कॉलेज देत नाही हां, पोर्टलवर अर्ज तूच टाकायचे, इंटरव्ह्यू तूच द्यायचे. पहिल्या टर्मला मी पन्नासच्या वर अर्ज टाकले तेव्हा एका नगरपालिकेत झाडं मोजायचं काम मिळालं, प्रत्येक झाडाला टेप लावायची आणि टॅबवर ठोकायचं, नोव्हेंबरात बोटं बधिर. ती चार महिन्यांची ओळ बायोडेटावर नसती तर पुढचं काही मिळालं नसतं.

आता पैसे, आणि हे बाबांना पण वाचून दाखव. परदेशी विद्यार्थ्याची फी वर्षाला ४० हजार कॅनेडियन डॉलरच्या वर, डॉलर साठ रुपये धरलास तरी चार वर्षांची नुसती फी एक कोटीच्या घरात जाते. राहण्या-खाण्याचे वेगळे. स्टडी परमिटसाठी फी आणि तिकीट सोडून एका माणसाचे २२,८९५ डॉलर दाखवावे लागतात, सप्टेंबर २०२५ पासूनचा हा आकडा. सेमिस्टर चालू असताना बाहेर काम आठवड्याला २४ तासच. को-ऑपच्या पगारातून फी निघते असं कोणी म्हणालं तर त्याला हिशोब कागदावर मांडायला सांग.

म्हणून माझं स्पष्ट मत, घर गहाण टाकून बॅचलर्सला येऊ नको. स्कॉलरशिप मिळाली किंवा घरी खरंच पैसे असले तर ये. नाहीतर गोव्यातच बीएस्सी कर, जिओलॉजी किंवा बॉटनी, सुट्टीत दोनापावलाला एनआयओत, म्हणजे समुद्रविज्ञान संस्थेत, इंटर्नशिपसाठी खेटे घाल, जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करणं, तर घरी बसून शिकता येतं, त्याचं क्यूजीआयएस सॉफ्टवेअर फुकट आहे. मग मास्टर्सला बाहेर ये, वर्षं कमी, कर्ज कमी, आणि तोवर तुला कळलेलं असेल विहिरीला कुठला प्रश्न विचारायचाय. मला कोणी हे सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का माहीत नाही, अठराव्या वर्षी विमान दिसतं फक्त.

तरी अर्ज करायचाच असेल तर कर, अर्ज करण्याने घर जात नाही. इंग्रजीची परीक्षा आयईएल्टीएस, ती एकूण साडेसहा लागेल, रायटिंग-स्पीकिंगमध्ये पण साडेसहा. मार्कांबरोबर ॲडमिशन इन्फर्मेशन फॉर्म नावाचा फॉर्म असतो, त्यात स्वतःबद्दल लिहायचं असतं. तिथे 'मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे' लिहू नको, हजार जण तेच लिहितात. तू मेसेजमध्ये सहज म्हणालीस ना की चवथीच्या आधी आज्याबरोबर माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळा-फुलांचं, सामान काढायला रानात जातेस, ते लिही. कवंडळ कुठल्या बांधावर मिळायची आणि आता का मिळत नाही, घागऱ्यो आणायला आता किती लांब जावं लागतं, बाजारातून विकत काय घ्यावं लागतं, आज्याच्या लहानपणी किती जिनसा टांगायचे आणि आज किती. आज्याला विचारून यादीच कर, तारखा-जागांसकट.

आणि एजंटकडे बाबा गेले आणि तो 'वीस दिवसांत व्हिसा' म्हणाला, तर ती फास्ट स्कीम ८ नोव्हेंबर २०२४ लाच बंद झालीय एवढं सांग आणि ॲडव्हान्स न देता घरी या.