हिवाळ्याआधी गाडीला वॅक्स: मिठापासून रंग कितपत वाचतो?

थंडीत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकायला सुरुवात होण्याआधी गाडीवर वॅक्सचे तीन-चार थर चढवले, तर थंडी संपेपर्यंत रंगाकडे बघावं लागणार नाही ना, असा तुमचा प्रश्न आहे. वॅक्स जरूर लावा, पण थरांच्या संख्येवर भिस्त ठेवू नका. दुसरा थर पहिल्यात सुटलेल्या जागा भरून काढतो, तेवढा उपयोगी. त्यापुढे पदरात फारसं काही पडत नाही.

रंगावरचा क्लिअर कोट (पारदर्शक संरक्षक थर) धड असेल, तर मिठाचं पाणी त्याचं सहसा काही बिघडवत नाही. नुकसान दोन वाटांनी होतं. एक म्हणजे खडी उडून रंगाचा टवका जातो, पत्रा उघडा पडतो आणि मीठ तिथे गंज धरवतं. दुसरी वाट आपल्याच हाताची असते: मीठ आणि बारीक रेती चिकटलेल्या गाडीवरून कोरडं फडकं फिरवलं की जाळ्यासारखे ओरखडे उठतात. क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रोन जाडीचा असतो आणि वॅक्सचा थर त्यापुढे अगदीच नगण्य. उडालेली खडी तो अडवू शकत नाही. मात्र घाण घट्ट चिकटू देत नाही, त्यामुळे नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने बरीचशी निघून जाते आणि घासावं कमी लागतं. माझ्या मते वॅक्सचा खरा फायदा हाच आहे.

म्हणून डबा उघडण्याआधी टवके शोधा. बॉनेटची पुढची कड, चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा नीट तपासा. गंज दिसला तर तो काढा, प्रायमर आणि टचअप पेंट लावा आणि पूर्ण वाळू द्या. हा क्रम उलटा करू नका, कारण वॅक्सवर रंग धरत नाही.

मग गाडी धुऊन हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा आणि बोटं रंगावरून हलकेच फिरवा. खरखर लागली तर ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, डांबर वगैरे अजून चिकटून आहे. लोखंडाचे कण काढणारा स्प्रे मारला की ते जांभळे होऊन ओघळतात. उरलेल्यासाठी क्ले बार (घाण उचलून घेणारा मऊ मातीसारखा गोळा), तोही भरपूर ओलावा ठेवून. हे टाळून वॅक्स लावलं तर ते घाणीवर बसतं आणि तिच्याबरोबरच निघून जातं.

वॅक्स कोणतं? कार्नौबा हे ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण. गडद रंगावर त्याची झळाळी मला अजूनही सर्वांत जास्त आवडते. पण हिवाळ्यातल्या सततच्या धुण्यात ते काही आठवड्यांतच उतरतं. या कामाला सिंथेटिक सीलंट (वॅक्ससारखाच लावायचा कृत्रिम संरक्षक लेप) बरं, ते काही महिने टिकतं. दोन्ही हवं असेल तर आधी सीलंट, ते डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत मुरू द्यायचं आणि वर कार्नौबा.

हे सगळं पारा १० अंश सेल्सियसच्या वर असताना उरका. पत्रा गार किंवा दमट असला की थर नीट पसरत नाही, वाळत नाही आणि पुसताना डाग राहतात. थर इतका पातळ लावा की जेमतेम दिसेल. चाकांमागचा खालचा भाग आणि डिकीचं दार सर्वांत जास्त मार खातात, तिथे दुसरा हात द्या. दारांच्या आतल्या चौकटी आणि रिम्स विसरू नका. काळ्या, खडबडीत प्लास्टिकला मात्र वॅक्स लागू देऊ नका, पांढरे डाग जाता जात नाहीत.

यानंतरही गाडी धुवावी लागणारच. रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या मिठांपैकी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराईड हवेतला ओलावा ओढून घेतात, त्यामुळे मिठाचा थर कोरडा दिसला तरी गंजाचं काम चालू असतं. गाडी उबदार गॅरेजमध्ये ठेवत असाल तर जास्त जपा. बर्फाचा खारट चिखल तिथे वितळतो आणि उबेत गंज अधिक वेगाने चढतो. पारा शून्याच्या वर असेल तो दिवस बघून आधी चाकांच्या कमानी आणि गाडीचा तळ फवाऱ्याने धुवा, मग फेस मारून थोडा वेळ मुरू द्या आणि शेवटी दोन बादल्या घेऊन मऊ मिटने (गाडी धुण्याच्या हातमोज्याने) हात फिरवा: एक बादली शॅम्पूची, दुसरी मिट खळबळण्याची. दारांची रबरं पुसून कोरडी करा, नाहीतर सकाळी दार गोठून बसेल. ब्रश न लावता धुणाऱ्या स्वयंचलित केंद्रांत ओरखड्यांची भीती कमी, पण तिथली अल्कधर्मी रसायनं वॅक्सचं आयुष्य घटवतात. तिथे जात असाल तर अधूनमधून स्प्रे सीलंटचा हात द्या.

पाण्याचे थेंब गोल होईनासे झाले म्हणजे वॅक्स संपलं, असंही लगेच समजू नका. वर घाण साचली तरी असंच दिसतं. शॅम्पूने धुऊन बघा, त्यानंतरही पाणी सपाट पसरून राहत असेल तर नवा हात द्यायची वेळ झाली.

साचलेला बर्फ काढताना ब्रश रंगाला टेकवू नका, शेवटचा बोटभर थर राहू द्या. बर्फ खरवडायची पट्टी फक्त काचेसाठी आहे.

गाडीचा रंग मॅट असेल तर यातलं कोणतंही नेहमीचं वॅक्स लावू नका, मॅटसाठीचंच सीलंट घ्या. चकाकी आणणाऱ्या वॅक्समुळे त्यावर पट्टे उमटतात.