विकसनशील देशाला जागतिक व्यापारात सामील होण्यासाठी नेमकी कोणती मदत उपयोगी पडते?

आपण विचारले आहे की, एखाद्या विकसनशील देशाला आयात शुल्क कमी करायला लावून जागतिक व्यापार संघटनेचे सदस्यत्व मिळवून दिले, तर तो जागतिक व्यापारात सामील झाला असे म्हणता येईल का. माझ्या मते तेवढ्याने म्हणता येणार नाही. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, निर्यातीची कागदपत्रे पाहतो. शुल्कामुळे माल महाग पडतो हे खरे, पण तो अडतो तो एखाद्या दाखल्यापायी, हे या कामात पदोपदी दिसते.

आमच्याकडून युरोपात जाणाऱ्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागावर, हीट नंबर (धातूच्या एका वितळणीचा क्रमांक) उठवलेला असतो. त्या हीटचा नमुना स्पेक्ट्रोमीटर या घटक मोजणाऱ्या यंत्रावर तपासून कार्बन, सिलिकॉन, मँगनीज यांचे प्रमाण दाखल्यावर लिहिले जाते. तपासणीची उपकरणे ज्या प्रयोगशाळेने कॅलिब्रेट केली, म्हणजे प्रमाणाशी ताडून पाहिली, तिला एन.ए.बी.एल. या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या भारतीय संस्थेची मान्यता असते, आणि एन.ए.बी.एल. आंतरराष्ट्रीय परस्पर-मान्यता व्यवस्थेत सहभागी असल्यामुळे कोल्हापुरात सही झालेल्या कागदावर तिकडचा खरेदीदार विश्वास ठेवतो. माल ज्या लाकडी पेटीत भरायचा, तिचे लाकूड, आतली कीड मरावी म्हणून, गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवलेले असावे लागते आणि तसा शिक्का पेटीवर असावा लागतो. शिक्का नसेल, तर आतला माल कितीही चोख असो, पेटी बंदरातच अडकते. ज्या देशात प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्थाच नाही, तिथल्या कारखानदाराला नमुने परदेशी पाठवावे लागतात, आणि तो खर्च व वाट पाहण्यात जाणारे दिवस यांतच त्याचा स्वस्त मजुरीचा फायदा संपून जातो.

शेतमालाच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच ठळक होते. २००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अवशेष सापडले आणि नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना मोठा धक्का बसला. त्यातून अपेडा या शेतमाल-निर्यातीच्या सरकारी संस्थेने २००६ साली ग्रेपनेट ही व्यवस्था सुरू केली. प्रत्येक बागेची नोंदणी, काढणीपूर्वी त्या बागेतून घेतलेला नमुना, त्याचा प्रयोगशाळेतला अहवाल आणि पेटीपासून थेट बागेपर्यंत लागणारा माग, असे तिचे स्वरूप आहे. २०१० साली क्लोरमेक्वॅट या संजीवकाच्या (वेलीची वाढ नियंत्रित करणाऱ्या रसायनाच्या) अवशेषांवरून माल पुन्हा अडला. म्हणजे यंत्रणा एकदा उभारून भागत नाही, ती सतत अद्ययावत ठेवावी लागते. तरीही युरोपची बाजारपेठ टिकली, कारण आपल्याकडे शास्त्रज्ञ होते, प्रयोगशाळा होत्या आणि त्यांच्यावर खर्च करणारे सरकार होते.

सदस्यत्वाची वाटसुद्धा सोपी नाही. संघटनेच्या कराराच्या बाराव्या कलमानुसार नव्या देशाने वाटाघाटींत ठरेल त्या अटींवर प्रवेश घ्यायचा असतो, आणि या अटींना ठरावीक मर्यादा नाही. ज्या सदस्याला रस असेल तो स्वतंत्र मागण्या पुढे ठेवू शकतो. वानुआतूसारख्या पॅसिफिक महासागरातल्या चिमुकल्या देशाने २००१ साली वाटाघाटी जवळजवळ पूर्ण झाल्यावर अटी जड वाटून माघार घेतली आणि अखेर २०१२ मध्ये प्रवेश केला. अतिमागास देशांसाठी २००२ साली सौम्य मार्गदर्शक तत्त्वे ठरली व २०१२ मध्ये ती अधिक स्पष्ट झाली, हे चांगलेच झाले. नेपाळ २३ एप्रिल २००४ रोजी सदस्य झाला, तरी त्यानंतरही त्याची आयात निर्यातीच्या कित्येक पट राहिली. समुद्रकिनारा नाही, समुद्रमार्गाचा माल मुख्यतः भारतातल्या कोलकाता-हल्दिया बंदरांतून न्यावा लागतो आणि तपासणीची सोय तोकडी. सदस्यत्वाच्या कागदाने यातले काहीच आपोआप बदलत नाही.

म्हणून मदत करणाऱ्यांनी पैसा कुठे घालावा, याबद्दल माझे मत ठाम आहे. संघटनेच्या २००५ च्या हाँगकाँग परिषदेपासून ‘व्यापारासाठी साहाय्य’ हा उपक्रम चालू आहे. त्यातला पैसा परिसंवाद आणि पाहुण्या सल्लागारांच्या अहवालांपेक्षा प्रयोगशाळा, वजन-मापाची प्रमाणे, सीमाशुल्काची संगणकप्रणाली आणि ती चालवणाऱ्या स्थानिक माणसांच्या पगारावर जास्त खर्च व्हावा. २२ फेब्रुवारी २०१७ पासून लागू झालेल्या संघटनेच्या व्यापार सुलभीकरण करारात (सीमेवरून माल लवकर सुटावा यासाठीच्या करारात) यासाठी चांगली तरतूद आहे. कोणती कलमे लगेच पाळता येतील, कोणत्यांना वेळ हवा आणि कोणत्यांसाठी वेळेबरोबर बाहेरची मदतही हवी, हे तो देश स्वतः ठरवतो. बाकी करारांतही हीच रीत असायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

श्रीमंत देशांनी आपल्या शुल्करचनेकडेही पाहावे. कच्च्या मालावर नाममात्र आणि पक्क्या मालावर चढे शुल्क असेल, तर गरीब देश कच्चा माल विकत राहतो आणि प्रक्रियेतला नफा दुसरीकडे जातो.

भारताने २००८ साली अतिमागास देशांच्या बहुतांश मालाला शुल्कसवलत दिली. त्यापुढचे पाऊल ज्ञान देण्याचे आहे. पुण्याजवळ मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्रातील राष्ट्रीय प्रयोगशाळा अवशेष-तपासणीचे काम करते. नेपाळच्या, तसेच १९९९ पासून सदस्यत्वासाठी अर्जदार असलेल्या भूतानच्या तंत्रज्ञांना तिथे एक पूर्ण हंगाम, नमुना घेण्यापासून अहवालावर सही होईपर्यंत, प्रत्यक्ष हाताने काम करू द्यावे. परत गेल्यावर त्यांना लागणारी उपकरणे आणि पहिल्या काही वर्षांची रसायनेही भारतानेच पुरवावीत.