जगाचा इतिहास युरोपपासूनच का सुरू होतो?

प्रश्न: माझी मुलगी नववीत आहे. तिच्या पुस्तकात जगाचा इतिहास म्हणजे कोलंबस, फ्रेंच राज्यक्रांती, औद्योगिक क्रांती, मग दोन महायुद्धं. आफ्रिका येते ती गुलामांच्या धड्यात, चीन अफूच्या युद्धात. परवा तिनं विचारलं, त्याआधी तिथले लोक काय करत होते? मला सांगताच आलं नाही. घरी काय करता येईल?

उत्तर: ताई, मुलीनं अगदी नेमकं विचारलंय. धडे कमी आहेत हे तर आहेच, पण जे आहेत तेसुद्धा बहुतेक वेळा जहाजावरच्या माणसाच्या नजरेतून लिहिलेत. वास्को द गामा १४९८ ला कालिकतला पोचला हे सगळ्यांना पाठ असतं, पण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीला त्याला वाट माहीत असलेला वाटाड्या मिळाला म्हणून तो समुद्र पार झाला, आणि अरब, गुजराती, स्वाहिली व्यापारी तिथून शेकडो वर्षं ये-जा करतच होते, हे कोण सांगतं?

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हैतीचं, म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या बेटावरच्या त्या देशाचं. फ्रेंच राज्यक्रांतीवर आख्खा धडा, आणि त्याच काळात फ्रान्सच्याच वसाहतीत १७९१ ला गुलामांनी उठाव केला, पुढे नेपोलियनच्या सैन्याला हरवून १८०४ ला देश स्वतंत्र केला, त्यावर बहुतेक ठिकाणी एक ओळ पण नाही. वर १८२५ मध्ये फ्रान्सनं मान्यता द्यायचे १५ कोटी फ्रँक मागितले, जुन्या मळेवाल्यांना भरपाई म्हणून! म्हणजे ज्यांना गुलाम केलं त्यांनीच मालकांचं नुकसान भरून द्यायचं, आणि त्यासाठी काढलेलं कर्ज फेडण्यात पिढ्या गेल्या. हे गाळून समता-बंधुता शिकवली तर मुलांना अर्धीच गोष्ट कळते.

दुसऱ्या महायुद्धाचंही तेच, पुस्तकात ते सुरू होतं १९३९ ला, जर्मनीच्या पोलंडवरच्या हल्ल्यानं. पण चीनवर जपानचा हल्ला १९३७ चा, म्हणजे तिथल्या लोकांसाठी युद्ध आधीच सुरू झालं होतं.

घरी एवढंच करा, प्रत्येक धड्याला तिला विचारा की किनाऱ्यावर उभ्या असलेल्यांना हे कसं दिसलं असेल, आणि त्यांनी काही लिहून ठेवलंय का ते दोघी मिळून शोधा. बऱ्याचदा ठेवलेलं असतं, मेक्सिकोत स्पॅनिश स्वारीच्या हकिकती तिथल्या नाहुआ लोकांनी त्यांच्या भाषेत सांगितल्यात. फक्त एक सांभाळा, युरोप वाईट आणि बाकी सगळे साधे असं नको, गुलामांच्या व्यापारात काही आफ्रिकन राजेही सामील होते, तेही तिला कळू दे.

परीक्षेत पुस्तकातलंच लिहू दे, मार्क जायला नकोत. आणि इतिहासाच्या बाईंना भेटून हैतीसाठी एक तास मागून बघा, वेळ मिळाला तर बऱ्याच शिक्षकांना हे शिकवायला आवडतं.