प्रोसेसर 5 गिगाहर्ट्झला नेला तर टॅली लवकर उघडेल का?

मित्रा, तू लिहिलंयस की ऐरोलीत बाबांच्या टॅक्सच्या ऑफिसात आय5 9600के आहे, 8 जीबी रॅम, 1 टीबीची 7200 आरपीएम हार्डडिस्क, सकाळी पीसी चालू करून टॅली आणि क्रोम उघडेपर्यंत बाबांचा चहा पिऊन होतो, म्हणून आता प्रोसेसर 5 गिगाहर्ट्झला ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायचा विचार आहे. नको करूस. मदरबोर्ड झेड390 आहे म्हणजे करता येईल हे खरं, पण ज्या कामासाठी करतोयस त्यात फरक पडणार नाही.

तू टाकलेल्या टास्क मॅनेजरच्या फोटोतच उत्तर आहे बघ. सीपीयू 14 टक्के आणि डिस्क 100 टक्के! प्रोसेसर बिचारा हात बांधून बसलाय. हार्डडिस्कची तबकडी एक फेरी मारायला साधारण 8.3 मिलिसेकंद घेते, त्यात हेड जागेवर सरकायचा वेळ धर, म्हणजे इकडेतिकडे पसरलेली एकेक छोटी फाइल शोधायला 12-13 मिलिसेकंद सहज जातात, आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो फाइली लागतात. तेवढ्या 12 मिलिसेकंदांत 4.6 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर साडेपाच कोटी वेळा टिकटिक करतो. तू 5 ला नेलास तर सहा कोटी वेळा करेल, पण फाइल यायची तेव्हाच येणार. सकाळी कॅबिनेटला कान लाव, ती कर्र कर्र ऐकू येते ना, तिथे तुझा वेळ जातोय.

आणि तुझा प्रोसेसर 3.7 वर चालतोय हा पण गैरसमज आहे. 3.7 हा बेस क्लॉक, म्हणजे मूळ वेग, टर्बो (गरज पडली की वेग आपोआप वाढवायची सोय) चालू असेल तर एखाद्याच कोरचं, म्हणजे प्रोसेसरमधल्या एखाद्याच कामकरी भागाचं काम असताना तो आपला आपणच 4.6 पर्यंत जातो, आणि रोजचं काम बरंचसं तसंच असतं, क्लिक केलं की क्षणभर जोर आणि मग शांत. म्हणजे तुझी कमाई 4.6 ते 5, फार तर 8-9 टक्के. समजा एक फाइल उघडायला 20 सेकंद लागतात आणि त्यात प्रोसेसरचं काम 3 सेकंदांचं, तर वाचणार पाव सेकंद. व्हिडिओ एक्सपोर्ट किंवा रेंडरिंगची गोष्ट वेगळी, तिथे सहाही कोर कामाला लागतात आणि टर्बो 4.3 वर येतो, मग 5 ला नेऊन अर्ध्या तासाच्या कामात चारेक मिनिटं वाचतील. तसं काम असतं तर मीच म्हटलं असतं कर.

आता किंमत बघ. वीज क्लॉकच्या प्रमाणात वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे 1.2 वरून 1.35 व्होल्ट करून 4.3 चे 5 केले की फुल लोडला प्रोसेसर जवळजवळ दीडपट वीज खाणार, ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडणार, आणि खोली 10 डिग्रीने तापली की प्रोसेसर पण साधारण तेवढाच तापतो. मी मानपाड्याला राहतो, घोडबंदर रोडची धूळ काय असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. माझा पीसी मी हौसेने 5 वर ठेवला होता, जानेवारीत तासभर स्ट्रेस टेस्ट (प्रोसेसरवर मुद्दाम पूर्ण लोड टाकून बघायची चाचणी) पास झाली, मला वाटलं झालं काम. मे महिन्यात एका दुपारी एक्सेल सेव्ह करताना निळी स्क्रीन आली आणि ती फाइल परत उघडलीच नाही. कूलर काढला तर पट्ट्यांमध्ये धुळीची गोधडी जमलेली आणि प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी थर्मल पेस्ट खडूसारखी सुकलेली. माझी फाइल घरखर्चाची होती म्हणून निभावलं. तुझ्याकडे लोकांचा डेटा आहे, 20 तारखेला जीएसटीचं 3बी रिटर्न भरायचं असताना असं झालं तर बाबांनी क्लायंटला काय सांगायचं?

त्यापेक्षा एनव्हीएमई एसएसडी घे, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, 500 जीबी पुरे, झेड390 ला ती बसवायचा एम.2 स्लॉट असतो, एक बारीक स्क्रू लावायचा की झालं. जुन्या डिस्कचं क्लोन (जशीच्या तशी नक्कल) करत बसू नकोस, विंडोज 11 नवीन टाक, 9वी जनरेशन त्यात चालते आणि विंडोज 10 चा सपोर्ट तसाही ऑक्टोबर 2025 मध्ये संपला. आधी टॅलीचा डेटा पेनड्राइव्हवर घे आणि दुसऱ्या मशीनवर तो उघडतोय का बघ, नुसता कॉपी झाला म्हणून सोडू नकोस. मग आहे तशीच दुसरी 8 जीबी रॅम, बोर्डच्या मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जोडीच्या स्लॉटमध्ये, म्हणजे ड्युअल चॅनल मिळेल, दोन्ही रॅम एकाच वेळी वापरल्या जातील. कूलर रंगाच्या कोरड्या ब्रशने साफ कर, फॅन बोटाने धरून, आणि पेस्ट नवीन लाव.

जुनी हार्डडिस्क फेकू नकोस, रोज संध्याकाळच्या बॅकअपला ती उत्तम आहे. सगळं झालं की सकाळी चालू करतानाचा टास्क मॅनेजरचा फोटो परत टाक, डिस्क तेव्हाही 100 वर अडकलेली दिसली तर स्टार्टअपला काय काय चालू होतंय ते बघू.