प्रार्थना करतो, तरी पाय उचलत नाहीत

"रोज प्रार्थना करतो, तरी भीती जात नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?" बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ख्रिस्ती घरांतून हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. एका गृहस्थांबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वडील वारले होते, पहाणीवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, वारसांची नावं लावायची होती. थोरला मुलगा म्हणून काम यांच्या अंगावर. एकदा एका कचेरीत कानडी बोलताना अडखळले आणि मागचे लोक हसले. तेव्हापासून फाइल कपाटात. आज पाऊस, उद्या भाताची लावणी, परवा साहेब रजेवर असतील. बहिणीचा फोन आला तर उचलायचे नाहीत. बायकोने फारच धरलं की म्हणायचे, "देवाची वेळ आली की होईल."

माझ्यासमोर बसल्यावरही तेच. "मॅडम, प्रार्थना करतोय की ओ. पाय उचलत नाहीत."

1956 साली बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेल्यापासून कागदाच्या भाषेचं दुखणं आमच्याकडे घरोघरी आहे, ते मी नाकारत नाही. पण बाजारात हेच गृहस्थ कानडीत घासाघीस करतात. भाषा येत होती. चारचौघांत हसं होईल, ही धास्ती होती.

"प्रार्थनेत मागता काय?"

"भीती काढून टाक म्हणतो. मग जातो."

गाठ इथेच होती. टाळलं की तेवढ्यापुरतं जिवाला बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याचीच सवय लागते. धडधड वाढली तरी तिथेच थांबलं तर ती हळूहळू उतरते, हे अंगाला कळायला थांबावं लागतं. यांची प्रार्थनाही त्याच कामाला लागली होती: आमेन म्हटलं की हलकं वाटायचं आणि कपाट बंदच राहायचं. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. थोडे दुखावले.

चर्चच्या मंडळीत कुणी त्यांना बायबलातलं 2 तीमथ्य 1:7 हे वचन ऐकवलं होतं, की देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिलेला नाही. तेव्हापासून भीती म्हणजे पाप, असं त्यांनी धरून ठेवलेलं. घाबरलेल्या माणसावर वचन फेकून मारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी त्यांना बायबलातल्या निर्गमाचा तिसरा-चौथा अध्याय वाचायला लावला. आपल्या लोकांना सोडवायला देव मोशेला मिसरचा राजा फारो याच्याकडे पाठवतो, आणि मोशे सबबीवर सबब काढतो: मी कोण? त्यांना तुझं नाव काय सांगू? त्यांनी मानलं नाही तर? माझी जीभ जड आहे. शेवटी तर, दुसऱ्या कुणाला तरी पाठव! देव रागावतो, पण जीभ हलकी करून देत नाही. भाऊ अहरोनाला सोबत देतो आणि जा म्हणतो. पुढे फारोसमोर मोशे स्वतःही बोलतो.

"म्हणजे त्यालाबी जमत नव्हतं?" गृहस्थ पहिल्यांदा हसले.

मग आम्ही पायऱ्या लिहिल्या, प्रत्येकीपुढे भीतीला दहापैकी गुण. फाइल बाहेर काढणं. कचेरीच्या आवारात नुसतं थांबून चहा पिणं. "अर्जी कोडाक बंदेन्री" (अर्ज द्यायला आलोय जी) एवढं एक कानडी वाक्य खिडकीवर बोलणं. सोबतीला मंडळीतले एक निवृत्त कानडी मास्तर, पण अट अशी की मास्तरांनी शेजारी उभं राहायचं, तोंड उघडायचं नाही. सोबत्यानेच सगळं बोलून टाकलं तर तेही टाळणंच. प्रार्थनाही बदलली: "भीतीसकट जातोय, बरोबर ये."

छातीत धडधड, झोप उडणं आठवडेच्या आठवडे चाललं तर नुसत्या पायऱ्यांवर विसंबू नका. धारवाडला डिमहान्स हे मानसिक आरोग्याचं सरकारी रुग्णालय आहे, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे. औषध घेतल्याने विश्वास उणा होत नाही.

चहाची पायरी त्यांना सगळ्यात जड गेली. पहिल्यांदा गेले तेव्हा फाटकातूनच परतले, आणि मास्तरांनी शिस्तीत पुन्हा नेलं. अर्ज दिला तेव्हा आवाज कापत होता. कुणी हसलं नाही, कारण कुणाचं लक्षच नव्हतं. याचं त्यांना जरा वाईटही वाटलं!

अर्ज परत आला: बहिणीची सही नव्हती. फोन करायची पायरी आमच्या यादीत नव्हतीच. त्यांनी ती स्वतःच लिहिली, पुढे गुण दिले नऊ, आणि म्हणाले, "ह्याला मास्तर चालणार नाहीत, मॅडम. एकट्यालाच बोलाय पायजे."