वडलांच्या काळ्या सायकलला मोटर बसेल का? आणि असेच बाकीचे प्रश्न

गेल्या वेळी सायकलला मोटर किट बसवण्याबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, सोलापुरातनं प्रश्नांचा ढीगच आला. बरेचसे एकसारखेच होते, त्यातले पाच घेतले.

प्रश्न : नमस्कार सर, मी कुंभारीला राहतो, शहरात यंत्रमाग कारखान्यात कामाला आहे. जाऊन येऊन वीस-बावीस किलोमीटर होतंय, रिक्षाला पैसे लई जायलेत. घरात वडलांची 22 ची काळी सायकल आहे, एकदम दणकट, रॉड ब्रेकवाली. एक जण म्हणायलाय पुढच्या चाकात मोटर घालून दोन तासात देतो. घालू का?

उत्तर : भाऊ, सायकल दणकट आहे यात वादच नाही, फ्रेमला काही होणार नाही. पण दोन तासात देतो म्हणणाऱ्यानं तुमच्या ब्रेकचं काय करणार हे सांगितलंय का, ते आधी विचारा.

कसं आहे, किटमध्ये मोटर चाकाच्या हबमध्येच, म्हणजे मधोमधच्या भागातच असते आणि ती रिंगमध्ये स्पोक भरूनच येते, बहुतेक वेळा 26 इंची रिंगमध्ये. तुमची सायकल 22 ची म्हणजे फ्रेम 22 ची, चाक 28 चं. म्हणजे रिंगची कड चिमट्यात, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये, जवळजवळ चार सेंटिमीटर खाली जाणार. रॉड ब्रेकची रबरं रिंगला आतल्या बाजूनं दाबतात, त्याला ती जुन्या घडणीची रिंगच लागते, मग नव्या रिंगवर ती रबरं हवेतच राहतात. तुमचीच जुनी रिंग वापरू म्हणलं तर तिला पुढं स्पोकची 32 भोकं, मोटरच्या हबला सहसा 36, जमायचं कसं? मग मिस्त्री काय करतो, पुढचा ब्रेक काढून ठेवतो आणि म्हणतो मागचा आहे की. म्हणजे वेग वाढवला आणि ब्रेक निम्मा केला. आणि थांबताना खरा जोर पुढच्याच ब्रेकचा असतो, पावसात स्टीलच्या रिंगवर रॉड ब्रेक किती धरतो ते तुम्हाला मी काय सांगू.

दुसरं, चिमटा. पुढचं चाक काढा आणि चिमट्याच्या दोन पायांमधलं अंतर आतल्या बाजूनं पट्टीनं मोजा. मोटरला 100 मिलिमीटर लागतात, काळ्या सायकलीत बहुतेक वेळा कमीच भरतं. स्टीलचा चिमटा आहे, थोडा फाकवता येतो, पण दोन्ही पाय सारखे फाकले पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि मग स्पोक ताणून कितीही आऊट काढा, सायकल एका बाजूलाच ओढणार.

आणि तिसरं, जे कुणी सांगतच नाही. मोटर चाकाला पुढं फिरवते तेव्हा तिचा एक्सल तितक्याच जोरानं उलटा फिरायला बघतो. साध्या चाकात एक्सल नुसता बसलेला असतो, त्याच्यावर फिरवणारा जोरच नसतो. मोटरचा एक्सल दोन बाजूंनी चपटा घासलेला असतो तो यासाठीच, चिमट्याच्या खाचेत अडकून राहावा म्हणून. नट ढिला झाला की एक्सल खाचेतनं घसरतो, गरकन फिरतो, आतनं येणारी वायर पिळून तुटते आणि चाक निसटलं तर तुम्ही तोंडावर. म्हणून टॉर्क आर्म नावाची एक स्टीलची पट्टी येते, एक टोक एक्सलवर, दुसरं चिमट्याला क्लॅम्पनं आवळलेलं. शे-दोनशेची वस्तू असेल नसेल पण किटमध्ये नसते किंवा असली तर मिस्त्री खोक्यातच ठेवून देतो. ती बसवल्याशिवाय सायकल दुकानातनं हलवू नका आणि पहिल्या आठवड्यात पाना घेऊन नट रोज एकदा बघा.

आता माझं मत. वडलांच्या सायकलला हात लावू नका. जुन्या बाजारात 26 इंची, स्टील चिमट्याची, व्ही ब्रेकवाली (रिंगला दोन्ही बाजूंनी दाबणारे ब्रेक) साधी सायकल बघा, पुढं शॉकअप नसलेली. तिच्यात किट एका दुपारी बसतं आणि दोन्ही ब्रेक जागेवर राहतात. ब्रेक दाबला की मोटर बंद करणारे लिव्हर किटमध्ये येतात, तेही मग नीट बसतात. काळ्या सायकलीला ते लिव्हर लावायची सोयच नाही.

प्रश्न : मुलगी दहावीत आहे, जुळे सोलापुरातून क्लासला जाते. तिच्या गिअरच्या सायकलला किट बसवायचं म्हणतेय. लायसन लागतं का? पोलीस अडवतील का? दुकानदार म्हणतो 1000 वॉटचं घ्या, पैशात फार फरक नाही.

उत्तर : ताई, 1000 वॉटचं नाव काढू नका. मोटर वाहन नियमात जी सूट आहे ती मोटर 250 वॉटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल तरच. तेवढ्यात असेल तर ती सायकलच, लायसन नाही, नंबर प्लेट नाही, आरटीओ नाही. त्याच्या वर गेलं की ती गाडी झाली, मग नोंदणी, विमा, लायसन सगळं आलं, आणि घरी बसवलेल्या किटची नोंदणी कोण करून देणार? वर मुलगी अठराची नाही. अल्पवयीन मुलांनी गाडी चालवली तर 2019 च्या दुरुस्तीपासून पालकांवरच केस होते, 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दुकानदार हे सांगणार नाही, त्याचा माल खपला म्हणजे झालं.

250 चंच घ्या आणि पक्क्या बिलावर वॉट लिहून घ्या. पुण्याच्या एआरएआयसारख्या टेस्टिंग संस्थेचा कागद आहे का तेही विचारा. कंट्रोलरला, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या डब्याला, एक छोटी वायर असते, ती तोडली किंवा जोडली की वेगाची मर्यादा निघते, क्लासमधली पोरं हे यूट्यूबवर बघून करतात, लक्ष ठेवा. गिअरच्या सायकलला पुढं शॉकअप आणि अॅल्युमिनियमचा चिमटा असेल तर मोटर मागच्या चाकातच घाला, अॅल्युमिनियम वाकत नाही, थेट तुटतं. हेल्मेट कायद्यानं नसलं तरी द्या.

प्रश्न : रिटायर्ड आहे, विजापूर रोडला राहतो. दोन दुकानं फिरलो. एकाकडे लेड ॲसिड बॅटरी, दुसऱ्याकडे लिथियम, तो म्हणतो एका चार्जिंगमध्ये 60 किलोमीटर. आपल्याकडच्या उन्हात लिथियम फुटते असं ऐकलंय, खरं काय?

उत्तर : काका, तुमचा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे कारण लोक मोटरची चौकशी करतात आणि बॅटरी दुकानदारावर सोडतात, आणि पैसे तर बॅटरीतच जातात.

आधी 60 किलोमीटरचं बघू. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-अवर लिहिलेलं असतं, त्यांचा गुणाकार करा. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-अवर म्हणजे 360 वॉट-अवर. आपण थोडं पॅडल मारत गेलो तर किलोमीटरला 10-12 वॉट-अवर जातात, म्हणजे तीसेक किलोमीटर. पॅडल न मारता नुसती मूठ पिळून गेलात तर 15 ते 20 जातात, म्हणजे वीसच्या आसपास. 60 कुठनं आले ते त्यालाच विचारा. वर आपल्याकडं जून-जुलैत पश्चिमेचं वारं सुटतं, त्याच्या तोंडावर गेलं की अजून कमी. कुंभारीचे जे भाऊ वर आहेत त्यांना सकाळी शहराकडं येताना हेच वारं समोरनं लागणार, त्यांनी रोजच्या बावीसला पॅडल मारतच यायचं धरून चालावं.

मग 10 लिहिलंय ते खरं 10 आहे का? यासाठी वजनकाटा. या बॅटरीत आत बोटाएवढे गोल सेल असतात, एकेक साधारण 45-48 ग्रॅमचा, आणि त्या आकाराच्या चांगल्यात चांगल्या सेलमध्ये साडेतीन अँपिअर-अवरच्या फारसं वर मावत नाही. 36 व्होल्टला दहा सेल ओळीत लागतात, आणि 10 अँपिअर-अवर भरायला अशा कमीत कमी तीन ओळी, साध्या सेलच्या तर चार. म्हणजे तीस ते चाळीस सेल, नुसत्या सेलचंच वजन साधारण 1.4 ते 1.9 किलो, वर डबा. तर बॅटरी शेजारच्या किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवा. डब्यासकट सव्वा किलो भरली तर आत 10 नाही, लेबल काहीही म्हणू दे. दुकानदार बॅटरी काट्यावर ठेवू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

लेड ॲसिड स्वस्त आहे, खरंय, पण 36 व्होल्टला 12 च्या तीन लागतात आणि 12 अँपिअर-अवरच्या घेतल्या तर बारा किलोच्या आसपास नुसत्या बॅटऱ्याच. चार्जिंग संपलं की ते ओझं तुम्हीच पॅडल मारत घरी आणायचं, या वयात कशाला. आणि टिकते पण कमी.

उन्हाचं म्हणाल तर बॅटरी ऊन बघून उगाच फुटत नाही, पण तापलेली असताना चार्जिंगला लावली तर खराब होते, आणि सेल हलके असतील तर पेटूही शकते. सेल 45 अंशाच्या वर तापलेले असताना चार्ज करू नयेत, आणि आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच 42-43 पर्यंत जातं, पत्र्याखालचं तर बोलायलाच नको. दुपारी बाहेरनं आलात तर बॅटरी काढून घरात फरशीवर ठेवा, तासा-दोन तासानं हाताला थंड लागली की मगच लावा, त्यापेक्षा पहाटे उठल्यावर लावा. 10 अँपिअर-अवरला 2 अँपिअरच्या चार्जरनं पाचेक तास लागतात. रात्रभर लावून झोपायचं नाही, आणि दाराच्या वाटेत, जिन्याखाली तर लावायचंच नाही, काही झालं तर बाहेर पडायला वाट पाहिजे. लिथियममध्ये एलएफपी म्हणून प्रकार मिळतो, थोडी जड पण उष्णता जास्त सोसते आणि वर्षंही जास्त काढते, सोलापुरात मी तरी तीच घेईन.

चार्जर फक्त तिचाच. 36 व्होल्टच्या साध्या लिथियमचा चार्जर 42 व्होल्टचा असतो, एलएफपीचा 43.8 चा, आणि 48 व्होल्टवाल्याचा 54.6 चा, पिन मात्र तिन्हींची सारखी असू शकते. शेजाऱ्याचा मागून आणलेला चार्जर लावला आणि घरात धूर झाला तर उन्हाला दोष देऊ नका. विजेचा खर्च विचारला नाहीत पण सांगतो, पूर्ण चार्जिंगला अर्धं युनिटसुद्धा जात नाही.

प्रश्न : मागच्या चाकाला डायनॅमो लावून चालता चालता बॅटरी चार्ज होईल का? म्हणजे लाइटचा खर्चच नाही.

उत्तर : नाही होणार. डायनॅमो फिरवायला जी ताकद लागते ती मोटरकडनंच घेणार किंवा तुमच्या पायांकडनं, आणि वाटेत थोडी वाया जाणार ती वेगळीच. उतारावर ब्रेक मारताना थोडी वीज परत घेणाऱ्या मोटरी असतात, पण त्या बिनगिअरच्या जड मोटरी. आपल्याकडं ज्या छोट्या गिअरच्या हब मोटरी मिळतात त्यांच्यात क्लच असतो, मोटर बंद असली की चाक मोकळं फिरतं, त्यातनं वीज परत येतच नाही. त्याचा फायदा हा की बॅटरी संपली तरी सायकल साध्या सायकलीसारखी चालते.

प्रश्न : आमचा टॉवेल-चादरीचा छोटा धंदा आहे, अशोक चौकातनं नवी पेठेत माल पोचवतो, मागच्या कॅरियरवर तीस-चाळीस किलो असतं. 250 वॉट ओढेल का? आणि पावसात चालते का?

उत्तर : ओढेल मालक, रस्ता सपाट असला तर आरामात. अडचण निघताना येते. थांबलेल्या सायकलीवर एवढा माल असताना नुसती मूठ पिळून उचलायला गेलात तर मोटर आणि कंट्रोलर दोन्ही तापतात, आतले नायलॉनचे गिअर झिजतात. पहिले चार-पाच पॅडल पायानं मारा मग मूठ पिळा, पुलाच्या चढालाही तसंच. तुमच्या कामाला मोटर मागच्या चाकातच पाहिजे कारण एवढं वजन मागं असलं की पुढचं चाक हलकं होतं आणि चढावर जागेवरच फिरतं. स्पोक मात्र जाड घालायला सांगा आणि महिन्याभरानं पुन्हा ताणून घ्या, मागं वजन असलं की तुटतात ते स्पोकच.

पावसात चालते, बुडवायची नाही एवढंच. रस्त्यावर चाकाच्या एक्सलपर्यंत पाणी असेल तर उतरून दुसऱ्या वाटेनं जा. एक्सलमध्ये वायर शिरते तिथं वायरीला खाली थोडा झोळ ठेवा, म्हणजे पाणी झोळाच्या टोकावरनं ठिबकतं, आत जात नाही. कंट्रोलरचा डबा वायरींचं तोंड खाली करून बसवा, आणि वॉशिंग सेंटरवर प्रेशरनं धुवायला देऊ नका, ओल्या फडक्यानं पुसली तरी पुरे.