पांदण, पायवाट आणि पोरींच्या सायकली : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की मानव विकास या सरकारी योजनेतून शाळेच्या पोरींना मिळालेल्या सायकली पावसाळा लागला की घराच्या ओट्यावर उभ्या राहतात, कारण पोरीजवळ सायकल आहे पण चालवायला वाट नाही. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली पाच इथं घेतली.

प्रश्न : भाऊ, आमच्या गावापासून शाळा साडेतीन किलोमीटर. पोरगी नववीत हाय, तिले शाळेतून सायकल भेटली. पण डांबरी रोडनं रेतीचे टिप्पर चालतात, साइडपट्टी राहिलीच नाही, लय धाक वाटते. वावरातून जुनी पांदण हाय, तिकडून अडीच किलोमीटरच पडते, पण ती बुजली, काही जणांनी धुरा (बांध) सरकवून घेतला. सरपंच म्हणते फंड नाही. काय करावं? (एक आई, आर्णी तालुका)

उत्तर : ताई, तुमचा धाक खरा आहे, हिशोब करून पाहा. गावाकडच्या एकेरी रस्त्याचं डांबर असतं ३.७५ मीटर, टिप्पर असतो जवळपास अडीच मीटर रुंद, मग उरला सव्वा मीटर आणि त्यात दप्तर घेतलेली पोरगी सायकलवर. साइडपट्टी वाहून गेलेली असली तर तिनं उतरायचं कुठं?

फंडाचं नंतर पाहू, आधी जागा. तालुक्याच्या भूमी अभिलेख ऑफिसातून गावनकाशाची नक्कल काढा, ग्रामपंचायतीनं अर्ज केला तर उत्तम, नाहीतर तुम्ही स्वतः करा. नकाशात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेनं दाखवलेला असतो, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात, आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेनं, त्याची रुंदी सव्वाआठ फूट. शिवेवरचा रस्ता असेल तर पंधरा ते वीस फूट. तुमची पांदण यातली कोणती आहे ते आधी कळू द्या, कारण पुढची सगळी बोलणी त्या एका रेषेवर होते.

आता माझं म्हणणं ऐका. लोक पांदण म्हटली की लगेच ट्रॅक्टर, हार्वेस्टर जाईल एवढी मोकळी करायला निघतात आणि शेजारी बिथरतो, कारण त्याच्या तुरीच्या दोन ओळी जातात. तुम्हाला पोरींसाठी पाहिजे ती वाट एवढी मोठी लागत नाही. सव्वाआठ फूट म्हणजे अडीच मीटर होतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या नियमात शहरातल्या फुटपाथची चालायची मोकळी रुंदी कमीत कमी १.८ मीटर सांगितली आहे, म्हणजे आपल्या जुन्या माणसांनी नकाशात ठेवलेली साधी पायवाट शहराच्या फुटपाथपेक्षा रुंद आहे आणि त्यात समोरासमोरून दोन सायकली आरामात निघतात. म्हणून पहिल्या बैठकीत हक्काचं सगळं सोडून देऊ नका, पण सुरुवात अडीच मीटरपासून करा, चार घरं ऐकतील.

बैठक तूर निघाल्यावर घ्या, उभ्या पिकात कोणी ऐकत नाही. तलाठी, पोलीस पाटील, ज्यांची वावरं लागतात ते सगळे आणि मोजणी झाली असेल तर तिची प्रत. नाहीच ऐकलं तर तहसीलदाराकडं जायचं. असलेली वाट कोणी अडवली असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचं कलम ५ आहे, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लागतो, ही मुदत बऱ्याच लोकांची अशीच निघून जाते. वाटच नसेल आणि शेताच्या हद्दीवरून नवी मागायची असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. मी बांधकामात तीस वर्षं काढली, त्यात केस जिंकून मोकळी झालेली पांदण दोन पावसाळ्यांत परत बुजलेली पाहिली आणि बैठकीत मोकळी झालेली टिकलेली पाहिली. कारण केस जिंकली तरी शेजारी तोच राहतो.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे. ग्रामसभेत सायकलच्या वाटेचा ठराव आणायचा आहे, पण ग्रामसेवक म्हणतात असा हेडच नाही. पैसा नेमका कुठून येतो? (कारंजा तालुका)

उत्तर : हेड, म्हणजे खर्चाचं खातं, नाही हे बरोबर आहे, "सायकल मार्ग" असं लिहिलेली पेटी जिल्हा परिषदेत शोधाल तर सापडणार नाही. पण वाट म्हणजे काय, माती, मुरूम, नाली, रपटा (नाल्यावरचा बुटका पूल) आणि झाडं. या प्रत्येकाला हेड आहे, फक्त ते जोडायचं काम आपलं.

मातीकाम आणि झाडं रोजगार हमीतून होतात. तिथं मजुरीला ६० आणि साहित्याला ४० हे गणित राहत आलंय, म्हणून नुसता सिमेंट रस्ता धरला तर प्रमाण बिघडते आणि इस्टिमेट परत येते, मातीकाम, नाली आणि झाडं सोबत धरली तर बसते. पांदणीसाठी २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद रस्ते योजना आली, तिचा पायाच रोजगार हमी आणि राज्याचा पैसा एकत्र करणं हा होता; आज पांदणीला कोणती योजना चालू आहे ते विचारून घ्या. १५व्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या काळात ग्रामपंचायतीच्या पैशातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते आणि ४० टक्के अबंधित, वाटेचं काम त्या अबंधित भागात बसायचं. पुढच्या आयोगाच्या सूचना ग्रामसेवकाला वाचून दाखवायला सांगा. गावातला तुकडा आमदारांच्या शिफारशीनं पंचवीस पंधरा (२५१५) या ग्रामविकासाच्या हेडमधून होऊ शकतो. वाट पोडावरून (आदिवासी वस्तीवरून) जात असेल तर ठक्कर बाप्पा योजना, तांड्यावरून जात असेल तर तांडा वस्ती सुधार योजना. आणि वणी, राजुरा, भद्रावतीकडच्या खाणपट्ट्यातल्या वाचकांनी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी विसरू नका, त्यातला मोठा भाग पाणी, आरोग्य, शिक्षण याला जातो, पण रस्त्यांनाही जागा आहे, आणि कोळशाचे ट्रक ज्यांच्या दारातून जातात त्यांच्या पोरांच्या वाटेवर तो खर्च झालाच पाहिजे.

एक खबरदारी मात्र घ्या. एकच काम दोन हेडमध्ये दाखवलं तर ऑडिटला सगळं अडकते. म्हणून साखळी, म्हणजे वाटेची किलोमीटर/मीटरमधली लांबी, तोडून द्या, ०/०० ते ०/८०० एका योजनेत, ०/८०० पासून पुढं दुसरीत, आणि ठरावातही तसंच लिहा.

आणि पहिला पैसा कुठं टाकायचा? बहुतेक गावं गावाच्या बाजूनं सुरुवात करतात, उद्घाटनाला सोपं जाते. मी म्हणतो जिथं वाट तुटते तिथून सुरुवात करा. आपल्याकडं ती तुटते नाल्यावर. अडीच किलोमीटर चांगला मुरूम टाकला आणि मधल्या नाल्यावर रपटा नाही, तर जुलै ते सप्टेंबर ती वाट शून्य किलोमीटर आहे. रपटा झाला आणि बाकी नुसती माती राहिली तरी पोरी उतरून सायकल ढकलत जातील, पण नाला ढकलता येत नाही.

आपली काळी जमीन पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे सगळ्यांना माहीत असून इस्टिमेटात मात्र नाली पहिली कापली जाते. नाली कापू देऊ नका, वाटल्यास लांबी कमी करा. वरची काळी माती काढून, सोलिंग करून (दगडाचा थर देऊन), मुरूम पाणी मारून दाबला आणि दोन्ही बाजूंनी पाणी निघून गेलं तर ती वाट वर्षानुवर्षं राहते. नालीशिवाय सिमेंट टाकलं तरी कडेनं खचते.

ठराव आणण्याआधी एक काम करा, शाळेतून सायकल मिळालेल्या मुलींची यादी घ्या. मानव विकासची ही योजना १२५ मागास तालुक्यांत आहे, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात, २०२२ पासून पाच हजार रुपये. म्हणजे सरकारनंच मान्य केलंय की ही पोरगी रोज सायकलनं जाणार आहे, मग ती कशावरून जाणार हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. ती यादी आणि गावनकाशा दोन्ही आधी महिलांच्या ग्रामसभेत ठेवा, तिथं ठराव झाला की मोठ्या ग्रामसभेत तो खाली पाडणं कठीण जाते. त्याच ठरावात लिहून घ्या की दर वर्षी पोळ्याच्या आधी वाटेचं गवत आणि नाली ग्रामनिधीतून साफ होईल. दुरुस्तीला बाहेरून कोणी पैसा देत नाही.

प्रश्न : आमची शकुंतला रेल्वे बंद पडली. विदेशात जुन्या रेल्वेलाइनवर सायकल ट्रॅक करतात असं मोबाईलवर पाहिलं. मूर्तिजापूर ते यवतमाळ असं का नाही होऊ शकत? (मूर्तिजापूर)

उत्तर : काकाजी, तिकडं होते हे खरं आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा ही बंद पडलेली लाइन १९६७ मध्ये सायकलची वाट म्हणून खुली झाली, ३२ मैल, मधे तीन बोगदे. पुढं १९८३ मध्ये तिकडं कायद्यात सोय झाली की बंद लाइनची पट्टी वाटेसाठी वापरायची आणि पुढं गाडी परत आणायची झाली तर वाट हटवायची. १९९१ च्या त्यांच्या वाहतूक कायद्यानं अशा कामाला केंद्राचा पैसा बांधून दिला, तेव्हा ते देशभर पसरलं.

पण आपली गोष्ट वेगळी आहे. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर मिळून १८९ किलोमीटरची ही लाइन, आणि लोकांची मागणी काय आहे, ब्रॉडगेज करून गाडी चालू करा. मी त्या मागणीसोबत आहे, गरीब माणसाची स्वस्त गाडी गेली तिच्या जागी सायकल ट्रॅक घेऊन समाधान मानू नये. तुम्ही एवढं मात्र आजच करा, लाइन ओलांडून जाणाऱ्या जितक्या पांदणी आणि पायवाटा आहेत त्यांची यादी नकाशासहित ग्रामसभेत मंजूर करून रेल्वेला आणि जिल्हाधिकाऱ्याला द्या. ब्रॉडगेजचा भराव उंच येतो, तो आला की जुन्या ओलांडायच्या जागा बंद होतात आणि शाळा, वावर पलीकडं राहते. प्लॅन कागदावर असताना अंडरपास मागितला तर मिळायची आशा असते. मागताना पाणी कुठून निघेल तेही लिहा, पाणी भरलेला अंडरपास आपण सगळ्यांनीच पाहिला आहे.

प्रश्न : आमची नगरपंचायत नवीन आहे. गावातून नाला जातो, काठावर कचरा पडतो. तिथं फिरायला झाडांची वाट होईल का? (यवतमाळ जिल्हा)

उत्तर : होईल, आणि नाल्याचा काठ त्यासाठी चांगली जागा आहे. पूररेषा आखलेली असली तर निळ्या रेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, बांधकामाला बंदी असते आणि बगीचा, मैदान असा मोकळा वापर चालतो. म्हणजे जी जागा बिल्डरच्या कामाची नाही ती तुमच्या कामाची. शहराचा विकास आराखडा तयार होत असेल तर हरकती सूचनांच्या मुदतीत ही पट्टी दाखवून घ्या. नुसतं आरक्षण पडलं म्हणून बसू नका, दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊन आरक्षण उठवू शकतो. काठावरची सरकारी जागा आधी घ्या, खासगी मागून. पैशाला नगरपंचायतीचा वृक्षनिधी आहे, माझी वसुंधरा या राज्याच्या पर्यावरण अभियानात बक्षीस मिळालं तर ते आहे. आणि मुख्याधिकारी फुटपाथला शोभेची गोष्ट म्हणत असतील तर १४ मे २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश दाखवा, फुटपाथ वापरणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं त्यात म्हटलंय.

प्रश्न : वाटेच्या कडेनं कोणती झाडं लावावी? (आर्वी तालुका)

उत्तर : बाभूळ नको, काटा थेट ट्यूबमध्ये जातो. कडुनिंब, करंज, जांभूळ लावा. वाट उत्तर दक्षिण असेल तर पश्चिमेची ओळ आधी, दुपारनंतरचं ऊन तिकडून येते. वावरवाल्याला विचारून लावा, सावलीत पऱ्हाटी (कापूस) वाढत नाही ही त्याची तक्रार खरी असते, जिथं तो नाही म्हणेल तिथं नाल्याकाठी, पडीत जागेवर लावा आणि जांभळाचं फळ ज्याच्या धुऱ्याला लागून झाड त्याचं, असं ठरावात लिहा. पहिले दोन उन्हाळे पाणी लागते. ढोरांपासून वाचवायला बाभळीच्या फांद्या लावू नका, त्याचेच काटे वाटेवर येतात, तुराट्यांचं कुंपण पुरे.